आटलेले कापड आणि चकाकणारा दोरा: मर्सरायझेशनचा प्रकरण अभ्यास

वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळतात ते कच्चे सूत आणि भरतकामाच्या डब्यातली सहा पदरी दोऱ्याची लडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही कापसाचीच. पहिले निस्तेज, पांढुरके आणि किंचित केसाळ, तर दुसरी रेशीम आहे की काय अशी शंका यावी इतकी तकतकीत. लडीसाठी लांब धाग्याचा, विंचरलेला कापूस वापरतात आणि सुतावरची लव जाळून काढतात, हे खरे. पण तेवढ्याने ही तकाकी येत नाही. दोऱ्यावर कसला लेपही दिलेला नसतो, म्हणून तो कितीही वेळा धुतला तरी चकाकी टिकते. मिनिटभर तीव्र कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, ताणून धरलेल्या तंतूची आतली बांधणी आणि बाहेरचा आकार कायमचा बदलला, याचा तो परिणाम आहे. या प्रक्रियेला मर्सरायझेशन म्हणतात.

तिचा इतिहास प्रकरण म्हणून अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यात एक विलक्षण गोष्ट घडली. कापसावर कॉस्टिकचा काय परिणाम होतो हे १८४४ मध्ये दिसले होते आणि १८५० मध्ये त्याचे पेटंटही घेतले गेले होते. तरीही आज ज्या गुणासाठी ही प्रक्रिया ओळखली जाते, ती चकाकी, पुढची सुमारे चाळीस वर्षे कोणाच्या हाती लागली नाही. द्रावण तेच होते आणि कापूसही तोच होता. मग अडले कशावर, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

गाळणीचे कापड

जॉन मर्सर यांचा जन्म १७९१ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ग्रेट हारवुड या गावी झाला. वयाच्या नवव्या वर्षी ते बॉबिन भरण्याच्या कामाला लागले, पुढे हातमागावर बसले आणि मग रंगाईकडे वळले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. रसायनशास्त्र ते स्वतःच शिकले. ओकनशॉ येथील कापडछपाईच्या कारखान्यात ते आधी रसायनतज्ज्ञ आणि नंतर भागीदार होते. १८५२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. बॉबिन भरणारा मुलगा तिथवर पोहोचला, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

१८४४ मध्ये त्यांच्यापुढे कापडाचा प्रश्नच नव्हता. पाण्यात विरघळलेला पदार्थ पाण्याच्या ठरावीक प्रमाणाशी जोडलेला असतो का, आणि तसे असेल तर अशा वेगवेगळ्या जोडण्या गाळून वेगळ्या करता येतील का, याचा ते शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी ६० अंश ट्वाडेलचे, म्हणजे १.३० विशिष्ट गुरुत्वाचे, कॉस्टिक सोड्याचे द्रावण सुती कापडाच्या अनेक पदरी घडीतून गाळायला ठेवले. द्रावण अतिशय सावकाश उतरत होते. खाली जमलेले द्रावण मोजले तेव्हा ते ५३ अंशांवर आल्याचे दिसले. गाळणीचे कापड तर ओळखू येईना: ते लांबी-रुंदीत आटले होते, जाड झाले होते आणि अर्धपारदर्शक दिसत होते.

दुसऱ्या एखाद्याने ते कापड बिघडले म्हणून टाकून दिले असते आणि नव्या घडीवर प्रयोग पुन्हा मांडला असता. मर्सर यांनी मूळ प्रश्न बाजूला ठेवला आणि गाळणीकडेच लक्ष वळवले. ६० चे ५३ अंश झाले याचा अर्थ सोड्याचा काही भाग कापसाने धरून ठेवला होता. कापड निव्वळ भिजले नव्हते, त्याने द्रावणातून सोडा वेचून घेतला होता. हे कापड धुऊन, सोडा पूर्ण काढून टाकून तपासले तेव्हा ते आधीपेक्षा मजबूत निघाले आणि रंगही अधिक गडद घेऊ लागले. १८५० च्या पेटंटमध्ये त्यांनी कॉस्टिक सोड्याबरोबरच सल्फ्युरिक आम्ल आणि झिंक क्लोराइड यांच्या अशाच परिणामाचाही दावा केला.

तंतूच्या आत

बोंडात वाढत असताना कापसाचा तंतू एका लांबट, पाण्याने भरलेल्या नळीसारखा असतो. तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. बोंड फुटले की नळी वाळते आणि चपटी होऊन स्वतःभोवती पिळत जाते. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, आणि आडवा काप घेतला तर घेवड्याच्या दाण्यासारखा आकार व मधोमध दबलेली पोकळी दिसते. अशा फितीवर पडलेला प्रकाश प्रत्येक पिळ्यावर वेगळ्या दिशेला फेकला जातो. कच्च्या सुताच्या निस्तेजपणाचे हे मोठे कारण आहे.

भिंतीतला सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो एककांची सरळ साखळी. प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि शेजारच्या साखळ्या त्यांच्यामार्फत हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. जिथे साखळ्या नीट रचलेल्या असतात तो भाग स्फटिकी. तिथे पाण्याला शिरता येत नाही आणि रंगालाही नाही. जिथे रचना सैल असते तो अस्फटिकी भाग. तंतूत जे काही शिरते ते इथूनच. नैसर्गिक कापसात स्फटिकी भागाचे वर्चस्व असते. ढोबळमानाने तो दोन तृतीयांशांच्या आसपास धरला जातो, जरी मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा बराच बदलतो.

पातळ कॉस्टिक फक्त सैल भागात शिरते आणि तंतू थोडासा फुगवते; धुतला की तो जवळजवळ पूर्ववत होतो. तीव्रता वाढली की चित्र बदलते. पातळ द्रावणात सोडियमचा प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंचा मोठा घोळका बरोबर घेऊन फिरतो आणि तो घोळका स्फटिकी भागात मावत नाही. द्रावण तीव्र झाले की वाट्याला येणारे पाणी कमी होते, घोळका लहान होतो आणि स्फटिकी भागाचे दार उघडते. साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, अंतर वाढते, आणि सोडा व सेल्युलोज यांची सोडा-सेल्युलोज नावाची मधली अवस्था तयार होते. तंतू जाडीत फुगतो, त्याचा पीळ उलगडतो, फितीचा गोल दांडा होतो आणि मधली पोकळी जवळजवळ मिटते.

धुण्याने सोडा निघून जातो, पण साखळ्या जुन्या जागी परतत नाहीत. विसाव्या शतकात क्ष-किरण विवर्तनाने हे स्पष्ट झाले. निसर्गात आढळणाऱ्या रचनेला सेल्युलोज एक म्हणतात, तर या नव्या रचनेला सेल्युलोज दोन. पहिलीत साखळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, दुसरीत आळीपाळीने उलटसुलट. तंतू कुठेही विरघळत नसताना साखळ्यांची दिशा बदलते कशी, या कोड्याचे सर्वसाधारणपणे मान्य उत्तर असे: एकही साखळी उलटी फिरत नाही, मुळातच विरुद्ध दिशांना तोंड असलेले शेजारचे सूक्ष्म तंतुक, म्हणजे साखळ्यांचे बारीक जुडगे, फुगण्याच्या अवस्थेत एकमेकांत मिसळतात. सेल्युलोज दोन ऊर्जेच्या दृष्टीने अधिक स्थिर असल्याने हा बदल उलटत नाही. त्याच वेळी एकूण स्फटिकी भाग घटतो आणि पाण्याला व रंगाला मोकळ्या असलेल्या हायड्रॉक्सिल गटांची संख्या वाढते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. या सगळ्यात सेल्युलोजला एकही नवा अणू जोडला जात नाही. हवेतला ऑक्सिजन दूर ठेवला तर साखळ्यांची लांबीही फारशी घटत नाही. सोडा येतो, साखळ्या हलवतो आणि पूर्णपणे निघून जातो. विटा त्याच राहतात, रचाई बदलते, आणि केवळ तेवढ्याने ओलावा धरण्याची, रंग पिण्याची आणि ताण सोसण्याची क्षमता बदलते. सुरकुत्या न पडण्यासाठी कापडाला रेझिन देतात तेव्हा साखळ्यांमध्ये खरोखरीचे नवे रासायनिक पूल बांधले जातात आणि कापड त्याची किंमत मजबुती गमावून मोजते. मर्सरायझेशनमध्ये मजबुती उलट वाढते.

बाजाराचा नकार

मजबुती वाढते, रंग चांगला चढतो आणि तोही कायमचा. तरीही कापड गिरण्यांनी मर्सर यांची प्रक्रिया उचलली नाही. एक कारण सोड्याची किंमत. विजेच्या साहाय्याने मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक बनवण्याची पद्धत उद्योगात यायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

मोठे कारण मात्र आटण्याचे होते. मोकळे सोडलेले कापड कॉस्टिकमध्ये २० ते २५ टक्के आटते. वीस टक्केच धरले आणि ते उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी आटले, तर १०० चौरस वार कापडाचे ६४ चौरस वार उरतात. वजन तेच, सूत तेच आणि सोड्याचा खर्च वर. कापड वजनावर विकले जात असते तर गोष्ट वेगळी झाली असती, पण ते विकले जाते वारावर. मर्सर यांना ही घट्ट वीण गुण वाटत होती. जाड कापड बारीक विणीचे आणि मजबूत होऊन निघते, असे त्यांचे म्हणणे होते. मला वाटते, रसायनाकडे पाहताना त्यांची नजर अचूक होती, पण आटणे हा प्रक्रियेचा अटळ भाग आहे असे त्यांनी गृहीत धरले. तो तसा नव्हता.

ताण

तंतू जाडीत फुगला की लांबीत आखडतो. दोरीला पाणी लागून ती फुगली की आखडते, तोच प्रकार. शिवाय तंतुक भिंतीत मळसूत्रासारखे फिरत गेलेले असतात आणि फुगलेल्या अवस्थेत त्यांना पकडून ठेवणारे बंध सैल झालेले असल्याने, मोकळीक मिळाली तर ते आणखी तिरके होतात. पण या अवस्थेत तंतू मऊ आणि वळणशील असतो. तो ज्या स्थितीत धरून ठेवला असेल त्याच स्थितीत, सोडा धुतला गेल्यावर, नवे बंध बसतात. आकार ठरतो तो त्या क्षणी, आणि ठरवतो तो ताण.

हे होरेस लो या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी हेरले. १८८९ आणि १८९० च्या पेटंटांत त्यांनी असे मांडले की कापड कॉस्टिकमध्ये असताना आणि नंतर धुतले जात असताना ताणून धरले तर ते आटत नाही आणि त्याला अधिक तकाकी येते. लो यांना या कल्पनेचा व्यावसायिक लाभ मात्र मिळाला नाही आणि त्यांची पेटंटे व्यपगत झाली. त्यानंतर जर्मनीतील क्रेफेल्ड या रेशमाच्या गावात थॉमस आणि प्रेव्होस्ट रेशीम व कापूस एकत्र विणलेले कापड रंगवण्याच्या अडचणीशी झगडत होते. कापसाने रंग चांगला घ्यावा म्हणून त्यांनी कॉस्टिक वापरले, आटू नये म्हणून ताण दिला, आणि कापसाला रेशमासारखी चकाकी आली. रेशीम रोज हाताळणाऱ्या माणसांना त्या चकाकीचे बाजारातले मोल चटकन कळले, यात नवल नाही. त्यांनी १८९५ मध्ये पेटंट घेतले. लो यांचे पेटंट आधीचे असल्यामुळे ते टिकले नाही, पण प्रक्रिया तिथूनच जगभर गेली.

चकाकी येते कशी, तेही यातूनच उलगडते. पीळ गेलेला, काप गोलसर झालेला आणि ताणामुळे सुताच्या अक्षाशी समांतर झालेला तंतू प्रकाश एकाच दिशेने परतवतो. मोकळ्या मर्सरायझेशनमध्ये तंतू गोल होतात, पण सूत आखडल्याने ते वेडेवाकडे बसतात आणि चकाकी हरवते. आतली रासायनिक घटना दोन्हीकडे एकच असते. फरक इतकाच की रंग आणि ओलावा पिण्याची क्षमता मोकळ्या प्रकारात जास्त वाढते, तर चकाकी आणि मजबुती ताणलेल्या प्रकारात. ओलावा मोजला तर साधा कापूस प्रमाण हवेत सुमारे ७ ते ८ टक्के धरतो, तर मर्सराइज्ड कापूस १० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो.

काचपट्टीवर

हे सगळे काही सेकंदांत पाहता येते आणि मी ते प्रत्येक नव्या तुकडीला दाखवत आलो आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण कॉस्टिक त्वचा जाळते आणि डोळ्याला लागले तर दृष्टी जाऊ शकते. द्रावण बनवताना सोडा थोडा थोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही.

काचपट्टीवर कापसाचे चार-दोन तंतू पसरून आधी कोरडे पाहावेत: फिती, ठिकठिकाणी पिळलेल्या, एकीकडे रुंद, एकीकडे धारेवर उभ्या. मग कडेने १८ टक्के कॉस्टिकचा थेंब सोडावा. द्रावण पोहोचते तिथून तंतू जिवंत झाल्यासारखा वळू लागतो. पीळ एकामागून एक उलटे फिरून सुटतात, कडा फुगून वर येतात आणि मधली पोकळी बारीक रेघ होऊन पुसली जाते. शेजारचाच एखादा तंतू मात्र तसाच पातळ आणि चपटा पडून राहतो. तो अपक्व, ज्याला धंद्यात मृत तंतू म्हणतात तो. त्याच्या भिंतीवर सेल्युलोजचे थर पुरेसे चढलेलेच नसतात, त्यामुळे फुगायला तिथे काही नसते. कापसाची पक्वता मोजण्याची एक जुनी, प्रमाणित पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे: तंतू १८ टक्के कॉस्टिकमध्ये फुगवायचे आणि सामान्य, अर्धपक्व व मृत असे मोजायचे. माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी भारतीय कापसाची परीक्षा ज्या प्रकारच्या कसोट्यांनी होत आली, त्यांपैकी ही एक.

रंगवलेल्या कापडावर पांढुरके बारीक ठिपके दिसतात तेही बहुधा याच अपक्व तंतूंच्या गुंत्यांचे. मर्सरायझेशनने अर्धपक्व तंतू सावरतात आणि ठिपके पुष्कळ कमी होतात. पूर्ण मृत तंतू मात्र कोणतेही द्रावण सुधारू शकत नाही.

प्रोसेस हाऊसमध्ये

आजच्या कारखान्यात कॉस्टिकची तीव्रता साधारणपणे लिटरला २७० ते ३०० ग्रॅम ठेवतात, तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस आणि वेळ मिनिटभराच्या आत-बाहेर. फुगणे ही उष्णता सोडणारी क्रिया असल्यामुळे थंड द्रावणात तंतू जास्त फुगतो; पण चालू कुंडातले द्रावण आपोआप तापत राहते, म्हणून ते सतत थंड करावे लागते. इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या मे महिन्यात हा खर्च किती होतो, हे तिथल्या प्रोसेसवाल्यांना सांगायला नको. थंड द्रावण दाटही असते. सुताच्या बाहेरचे तंतू आधी फुगून आतली वाट अडवतात आणि गाभा कोरा राहतो. म्हणून काही ठिकाणी ६० ते ७० अंशांच्या गरम द्रावणाने सुरुवात करून मग थंड करतात: गरम कॉस्टिक कमी फुगवते, पण आतपर्यंत पोहोचते.

सर्वांत दगा देणारा भाग धुण्याचा आहे. कापडातला कॉस्टिक लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास उतरेपर्यंत ताण सोडायचा नसतो, कारण तोवर तंतू मऊ असतो आणि सुटला की आटतो. घाईत ताण लवकर सोडलेल्या किंवा कडांना आणि मध्ये वेगळा ताण लागलेल्या कापडाचा दोष त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या कापडावर सारे ठीक वाटते. रंगाच्या कुंडातून बाहेर आले की कडेची छटा वेगळी आणि मधली वेगळी, आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी. असा वाद मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. तो मिटवायला बेरियम हायड्रॉक्साइडची कसोटी आहे. मर्सराइज्ड आणि साधा नमुना ठरावीक बेरियम द्रावणात ठेवून कोण किती बेरियम शोषतो ते मोजतात. साध्या कापसाचा अंक १०० धरला तर अर्धवट मर्सरायझेशनचा त्याच्या थोडा वर आणि पूर्ण झालेल्याचा १५० च्या आसपास येतो. कडेचा आणि मधला तुकडा वेगवेगळा तपासावा. रंगाचा हिशेब त्यानंतर करावा.

धुण्याच्या पाण्यातून जाणारा कॉस्टिक बाष्पीभवनाने आटवून परत वापरता येतो. जिथे ही सोय केलेली नाही तिथे तो नाल्याला मिळतो, आणि पंचगंगेकाठच्या लोकांना त्याची जाण आहे. इंधन महाग म्हणून पुनर्प्राप्ती परवडत नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण जे वाहून जाते ती पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू असते.

हेच द्रावण लोकरीवर वापरायचा विचारही करू नये. लोकर प्रथिनाची; तिच्या साखळ्या पेप्टाइड बंधांनी आणि गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या असतात आणि हे दोन्ही कॉस्टिकसारखी अल्कली तोडते. ५ टक्क्यांच्या उकळत्या कॉस्टिकमध्ये लोकर काही मिनिटांत विरघळून जाते. लोकर-कापूस मिश्रणात कापूस किती, हे ठरवायला याचाच उपयोग करतात: लोकर जाते, उरते त्याचे वजन करायचे. सेल्युलोजच्या साखळीतला एककांना जोडणारा ग्लायकोसिडिक बंध अल्कलीला दाद देत नाही, आणि म्हणूनच मर्सर यांच्या गाळणीचे कापड आटले, पण फाटले नाही.

बाजाराने ज्या कारणासाठी त्यांची प्रक्रिया नाकारली, ते आटणे पुढे कामाला आले. सुती कापड ताण न देता कॉस्टिकमध्ये आटवले तर सूत कुरळे होते आणि कापडाला ताणले जाण्याचा व परत येण्याचा गुण येतो. कापडावर घट्ट केलेल्या कॉस्टिकचे पट्टे छापले तर फक्त पट्ट्यांखालचा भाग आखडतो आणि मधला मोकळा भाग फुगून चुण्या धरतो. उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारे, इस्त्री न लागणारे चुणीदार सुती कापड या पद्धतीनेही बनते, आणि त्यातला एकही पट्टा ताणून धरलेला नसतो.